चूल हो म्हणेल तेव्हा

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको चुलीपुढे बसून लाकडाचा एक तुकडा जळताना पाहत होतो. तिच्यासोबत केलेलं ते शेवटचं रोजचं काम. तेव्हा माहीत असतं तर मी लाकडाकडे कशाला पाहिलं असतं, तिच्याकडे पाहिलं असतं. पण रोजच्या कामाचं असंच असते. हात करून टाकतात, डोकं भलतीकडे असते.

पौष महिना होता. धान चुरून घरात आलं होतं. धानाच्या बांध्यांमध्ये आता लाखोरीची डाळ वर आली होती आणि गावाचा धूर तिच्यावर आडवा झोपला होता. थंडीत आमच्याकडे धूर वर जात नाही, माणसाच्या कमरेएवढा तरंगत राहतो. दुरून येणाऱ्या माणसाला पाय नाहीत असं वाटते. घरात गॅस आहे, सून त्यावर रांधते. मागच्या पडवीतली मातीची चूल मात्र माझ्या बायकोने कोणाला मोडू दिली नाही. तिच्यावर भात शिजणं कधीचंच बंद झालं होतं. त्या चुलीत ती लाकूड पाहायची.

मी वाढई. बाकीच्या मुलखात सुतार म्हणतात. आमगावच्या रस्त्याला लागून माझी टिनाची शेड आहे. दारं, चौकटी, पलंग, देव्हारे, सगळं होते तिथे. आता मुलगा पाहतो. लोक फुलचूरहून येतात, देवरीहून येतात, वाघ नदीच्या पलीकडून मध्य प्रदेशातलेही येतात. त्यांना वाटते मिस्त्रीच्या हातात काहीतरी आहे. माझ्यापेक्षा साफ हाताचे वाढई या जिल्ह्यात पुष्कळ आहेत, मी त्यांचं काम पाहिलं आहे. आमच्या दुकानाचं नाव झालं ते एकाच गोष्टीने. आमचं दार पिळत नाही, पलंगाचा सांधा उघडत नाही, चौकटीत फट पडत नाही. ओल्या लाकडाला आम्ही रंधा लावत नाही म्हणून. आणि लाकूड ओलं की सुकं, हे ती ठरवायची.

पद्धत साधी. माणसाने आणलेल्या फळ्यांमधली एक जास्तीची फळी घ्यायची आणि तिच्या मधोमधून वीतभर तुकडा कापायचा. टोकाचा तुकडा चालत नाही. टोक आधी सुकते आणि खोटं बोलते, असं ती म्हणायची. तुकडा निखाऱ्यावर ठेवायचा आणि त्याच्या कापल्या तोंडाकडे पाहत बसायचं. आत पाणी असलं तर ते फेस होऊन तिथून बाहेर येते आणि सूं सूं करते. याला ती म्हणायची, लाकूड रडते. रडणारं लाकूड शेडमध्ये परत जायचं, काही महिन्यांनी पुन्हा पाहू. न रडता जळलं तर दुसऱ्या दिवशी काम सुरू.

त्या संध्याकाळचा तुकडा फुलचूरच्या एका शेतकऱ्याच्या सागाचा होता. घरात पोवारी बोलणारा माणूस, जमीन चांगली, स्वभाव घाईचा. साग त्याच्या बापाने बांधावर लावला होता. बाप गेला, झाड राहिलं. जंगलखात्याची परवानगी काढून त्याने ते उन्हाळ्यात पाडलं, आरामशीनवर चिरून फळ्या केल्या आणि दिवाळीच्या आधी माझ्या शेडमध्ये आणून टाकल्या. नव्या स्लॅबच्या घराला पुढचं मोठं दार बापाच्या झाडाचंच पाहिजे होतं, आणि येत्या उन्हाळ्यात पोरीचं लग्न, त्याच्या आधी पाहिजे होतं. तोपर्यंत तिथे टिनाचा पत्रा ठोकून ठेवला होता. त्या दिवशी सकाळीच येऊन तो सांगून गेला, "उद्या ट्रॅक्टर घेऊन येतो काकाजी. काम सुरू करत असाल तर करा. नाही तर लाकूड उचलतो. गोंदियात दुसरा मिस्त्री तयार बसून आहे."

मुलाचं म्हणणं होतं, करून टाकू. त्या माणसाचा साळा नागझिऱ्याच्या बाजूला हॉटेल बांधून राहिला होता. त्याच्या सगळ्या खोल्यांची दारं आमच्याकडे आली असती. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तुकडा कापला आणि तिच्याकडे नेला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"थांबा ना जी. धरू तर द्या त्याले आग."

मी थांबलो. आगीच्या उजेडात तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. उरलेला अर्धा मला पाठ होता. मग तुकड्याच्या तोंडाशी बारीक बुडबुडे आले, तान्ह्या लेकराच्या ओठांवर येतात तसे.

"रडून राहिलं," ती म्हणाली.

"थोडंसं."

"थोडंसं म्हंजे काय? लाकूड आहे का मयतीले आलेली पावनी? रडते, नाही तर नाही रडत."

"तो सकाळी ट्रॅक्टर घेऊन येऊन राहिला ना."

"येऊ द्या. चहा पाजीन. पन कापू नको म्हना त्याले."

"उचलून नेईन म्हणते तो. दुसरा वाढई उद्याच कापेल."

"बाप एवढं झाड लावून गेला, आन् याले एक पावसाळा थांबवत नाही? सांगा तुमी. बोलता येते ना तुमाले? मले तर रोज बोलता."

तुकडा सूं सूं करत होता. आम्ही दोघं ऐकत बसलो.

आता मी ती संध्याकाळ आठवतो तेव्हा तिच्यात बाकीच्या संध्याकाळी येऊन मिसळतात. कोणत्या सालची कोणती, मला सांगता येत नाही. आग तीच असते. तिच्या पलीकडे बसलेली बाई कधी म्हातारी असते, कधी नवी नवरी, आणि मधल्या वर्षांच्या सगळ्या बायका तिच्या मागे उभ्या असल्यासारख्या वाटतात. मी डोळे मिटले तरी त्या दिसतात, म्हणून हल्ली मी पुष्कळ वेळ डोळे मिटून बसतो. मुलाला वाटते म्हातारा झोपला.

तिचं माहेर सालेकशाच्या पुढे, जंगलाला लागून. कचारगडच्या जत्रेला जाणारी माणसं तिच्या गावावरून ढोल वाजवत जात. तिची माय मोळ्या विकायची, आणि ही लहानपणापासून मायच्या मागे डोक्यावर मोळी घेऊन स्टेशनाच्या बाजारात. ओली मोळी गिऱ्हाईक परत करते, वरून शिव्या देते. ओली कोणती हे डोळ्याच्या आधी मानेला कळते, असं ती म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याजवळ आणखी काही नव्हतं. माझ्याजवळ बापाची हत्यारं होती आणि चौथीपर्यंतची शाळा.

तेव्हा मी नांगर, वखर, बंडीची चाकं दुरुस्त करायचो. कधीमधी एखादा पलंग. कामाचे तुकडे आणि छिलके घरी आणायचो, तेच तिचं जळण. एक दिवस घरात पाऊल टाकलं तर धुराने काही दिसेना. धुरातून आवाज आला.

"कायचं लाकूड आनून राहिले जी? डोरे गेले माहे."

"पलंगाचं."

"कोनाचा पलंग?"

गावातल्या एका नव्या नवरदेवाचा होता, तसं सांगितलं.

"बिचारा," ती म्हणाली आणि धुरातच हसली.

मला काही समजलं नाही. मी म्हटलं, तू भात पाहा. पलंग करून दिला. नवरदेव खूश होऊन घेऊन गेला. उन्हाळा लागला, लाकडातलं पाणी उडालं, लाकूड आखडलं आणि पलंगाचा एकेक सांधा ढिला झाला. नुसती कूस बदलली तरी कर्र करायचा. एका दुपारी गल्लीत कोणी नाही असं पाहून तो माणूस बंडीवर पलंग टाकून आला, वरून चादर झाकून, जसं काही मुर्दा आणला.

"मिस्त्री, याचं काही करा," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"काय झालं?"

"काय झालं म्हणजे? माय अंगणात झोपते उन्हाळ्याची. सकाळी उठून माझ्याकडे पाहत नाही."

घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. ही आत पदर तोंडात कोंबून बसली होती. मग बाहेर आली, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि एकदम सरळ तोंडाने म्हणाली, "भाऊ, सुकलेल्या लाकडाचा देऊ तुमाले. मायले झोप लागेल."

दुसरा पलंग मी तिला विचारून केला. लाकडाचा तुकडा तिच्या चुलीत दिला, तिने पाहिलं, मान हलवली, मग मी करवत धरली. त्या नवरदेवाने कोणाला काय सांगितलं मला माहीत नाही. पण त्या साली आसपासच्या गावांतल्या लग्नांचे पलंग माझ्याकडेच आले.

पलंगानंतर दारं आली. दारानंतर चौकटी. दुसरे वाढई चहाच्या टपरीवर चिडवायचे, "याचा धंदा तर बायकोच्या चुलीवर चालते." मी म्हणायचो, "तुमचा नाही चालत म्हणून तर टपरीवर बसून आहात." गिऱ्हाईक आधी माझ्याकडे यायचं, मग मागच्या दाराने तिच्याकडे. दवाखान्यात पेशंटची विचारपूस करतात तसं विचारायचं, "काकू, आमचं लाकूड काय म्हणते?" ती भाजी निवडता निवडता सांगायची, "अजून नाराज आहे. पोळा होऊ द्या." काही लोक चिडून जायचे. त्यांतले काही पुढच्या वर्षी परत यायचे, पिळलेलं दार घेऊन, मान खाली घालून. मला हसू यायचं. ती मागून हळूच म्हणायची, "हसू नका त्याले. पानी द्या आधी."

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, सांगितली असती तर वेडा म्हणाले असते. ज्या आगीत ती लाकूड पाहायची, त्याच आगीवर त्या संध्याकाळचं जेवण व्हायचं. न रडता जळणारं लाकूड वाया कोण घालवेल? त्यामुळे माझ्या डोक्यात प्रत्येक दाराला एकेक भाजी चिकटून आहे. मी बसमध्ये बसतो, खिडकीतून गावं जातात. रस्त्यावर एखादं माझं दार दिसते, उन्हात उघडं पडलेलं, आत अंधार, उंबऱ्यावर कोंबडी. आणि मला वांग्याच्या भाजीचा वास येतो. पुढच्या गावात निळा रंग दिलेली चौकट, ती लाखोरीच्या वड्यांची. दवाखान्यापलीकडचं बिजासालच्या लाकडाचं दार, त्याला तर पोरगी पोटात असताना खाल्लेल्या आंबट अंबाडीचा वास. आता त्या घरांत कोण राहते मला माहीत नाही. रंग बदलले, कड्या बदलल्या. दारं नीट लागतात, नीट उघडतात. कधी कधी दुपारी डोळा लागला की ती सगळी दारं एका ओळीत उभी दिसतात, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. मी चालत जातो. कुठेच अडत नाही.

टिनाची शेड झाली, रंध्याचं मशीन आलं, मुलगा हाताशी आला. आमच्या शेडसमोर सागाच्या, बिजासालच्या फळ्या वाट पाहत पडलेल्या असायच्या आणि रस्त्याने जाणारे म्हणायचे, याच्याकडे काम दिलं की विसरून जा, पण विसरून गेल्यावर जे मिळेल ते नातवापर्यंत जाईल. शिवी आहे का शाबासकी, मला कळायचं नाही. तिला कळायचं. ती म्हणायची, दोन्ही आहे, घेऊन ठेवा.

मग कारखान्यातली दारं आली. आज सांगा, उद्या टेम्पोत. चकचकीत कागद चिकटवलेली, वजनाला हलकी. मुलगा एकदा जेवताना म्हणाला, "माय, आता कोणी थांबत नाही वो. लोकांना टाइम नाही."

"मंग आपन थांबू," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला.

"आपण थांबून काय होते? गिऱ्हाईक जाते."

"जाऊ दे. दार तर वाकडं नाही ना जात आपल्या घरून."

मुलगा वाईट नाही. रात्रंदिवस राबतो. त्याला दुकान चालवायचं आहे, आमचं चालवून झालं होतं. हा फरक मोठा आहे, आणि मला तो दोन्ही बाजूंनी दिसायचा, म्हणून मी जेवत राहायचो.

तर ती संध्याकाळ. तुकडा रडून रडून थांबला आणि मग जळू लागला. तिने चिमट्याने तो बाहेर ओढून राखेत दाबला. उठायला लागली तर गुडघे धरले. मी हात पुढे केला.

"राहू द्या. तुमीच पडसान माह्यावर."

"सकाळी काय सांगू त्याला?"

"सांगतलं ना. नाही म्हना. दिवाळीनंतर या म्हना. आन् गोड बोला जरा. तुमी बोलता तर मानसाले वाटते भांडून राहिला."

"सांगतो," मी म्हटलं.

भात आणि लाखोरीची डाळ खाल्ली. तिने कांबळं ओढलं. पहाटे कोंबडं आरवलं तरी ती उठली नाही. रोज तीच आधी उठायची. मी एक हाक मारली. मग दुसरी नाही मारली.

उजाडलं तेव्हा धुकं एवढं होतं की अंगणातला माणूस ओळखू येत नव्हता. माणसं धुक्यातून येत होती, बसत होती. पोरगी रायपूरहून निघाली होती, ती येईपर्यंत थांबायचं होतं. कोणी बांबू आणायला गेलं होतं. मी आत तिच्यापाशी बसलो होतो. बायका काही काही बोलत होत्या, ते मला पाण्याखालून ऐकू आल्यासारखं येत होतं. त्यात ट्रॅक्टरचा आवाज आला.

तो माणूस उतरला, गर्दी पाहिली आणि उभा राहिला. त्याने चपला काढल्या, दारातून हात जोडले. नंतर बाहेर मुलाला म्हणाला, "माफ करा भाऊ, मले माहीत नव्हतं. मी नंतर येतो."

मुलाचे डोळे सुजलेले होते. तो म्हणाला, "नाही भाऊ, आलेच आहात तर लाकूड घेऊन जा. तेरवीपर्यंत आमचं काम बंद. पुढेही काय माहीत. तुमचं लग्न आहे, तुमचं कायले अडकवायचं?"

त्याने भल्यासाठीच म्हटलं. त्या माणसाने थोडं नाही नाही केलं, मग सोबतच्या दोघांना खूण केली.

मी आतून ऐकत होतो. पहिली फळी ट्रॉलीत पडली. धप्प. सुकी फळी पडली तर वाजते, ही बसली. दुसरी पडली, धप्प. ती माझ्यासमोर होती, तोंडावरून पदर नीट केलेला. तिचं शेवटचं म्हणणं ट्रॉलीत भरून चाललं होतं. आज ते लाकूड गोंदियाला गेलं तर उद्या दुसरा वाढई त्याला करवत लावणार, आणि मग कोणी काही करू शकत नाही. कापलेलं लाकूड पुन्हा झाड होत नाही. मी उठलो. बायका म्हणाल्या, कुठे चालले?

"उतरव," मी बाहेर येऊन म्हटलं.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मुलगा धावत आला. "बाबा, तुम्ही आत बसा ना."

"तू बाजूला हो." मी त्या माणसाकडे पाहिलं. "उतरव ते. ओलं आहे."

"काकाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "हे बोलायचे दिवस आहेत का? तुम्ही बसा. लाकडाचं मी पाहून घेतो."

"आजच बोलायचं आहे. उद्या तू कापून टाकशील."

"पोरीचं लग्न आहे काकाजी. जावयाले काय टिनाच्या दारातून घरात घेऊ?"

"घे. तो काय दार घेऊन जाणार आहे? पोरगी घेऊन जाईल."

बसलेल्यांतून कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. तो माणूसही ओठ दाबून उभा राहिला. मला तिचं म्हणणं आठवलं, गोड बोला म्हणून. मला येत नाही. पण आवाज जरा खाली केला.

"चूल पेटवून तुला दाखवलं असतं. आज आमच्या घरात आग पेटत नाही. काल पाहिलं तेवढंच."

"काकूनं पाहिलं होतं?"

"दिवे लागायच्या वेळेस."

"काय म्हणे?"

"रडून राहिलं म्हणे."

तो ट्रॉलीपाशी गेला, वरच्या फळीवर हात ठेवला. बराच वेळ हात काढला नाही. बापाचं झाड होतं. त्याने ते लहानपणापासून पाहिलं असणार, त्याच्या सावलीत डबा खाल्ला असणार. धुक्यात त्याचा हात आणि फळी एकाच रंगाची दिसत होती.

"कधी होईल मंग?" त्याने विचारलं.

"पावसाळा जाऊ दे. दिवाळीनंतर ये."

"आन् तेव्हा पाहणार कोण?"

हे कोणी विचारलं नव्हतं अजून. मीही विचारलं नव्हतं. अंगणातली माणसं खाली पाहू लागली. मुलगा माझ्याकडे पाहत होता, आणि मला एकदम दिसलं की तो घाबरला आहे, लहानपणी आरामशीनच्या आवाजाला घाबरायचा तसा.

"ते आज नको विचारू," मी म्हटलं.

त्या माणसाने मान हलवली. फेटा काढून ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवला, बाह्या वर केल्या आणि फळीचं एक टोक धरलं. दुसरं टोक मी धरलं. मुलगा मध्ये यायला लागला तर मी म्हटलं, "तू लाकडी पट्ट्या घेऊन ये. सारख्या जाडीच्या पाहा."

एक म्हातारा नातेवाईक काठी टेकत आला. "अरे बापा, सुतक आहे. आज कामाले हात लावते काय माणूस?"

"काम नाही करून राहिलो," मी म्हटलं. "ठेवून राहिलो."

शेडच्या उत्तरेच्या अंगाला ऊन येत नाही आणि वारा आरपार जातो. तिथे खाली विटा मांडल्या. विटांवर फळी, फळीवर आडव्या पट्ट्या, त्यावर दुसरी फळी. पट्टीच्या बरोबर वर पट्टी आली पाहिजे, सरकली तर फळी वाकते. मी खाली वाकून एकेक पाहिली. दोन ठिकाणी मुलाने तिरपी ठेवली होती, ती त्याला सरळ करायला लावली. त्याने केली. त्या माणसाच्या अंगातून वाफ निघत होती. बोलणं म्हणजे धर, सोड, जरा इकडे, एवढंच.

वरची फळी ठेवली तेव्हा धुकं उठायला लागलं होतं आणि रस्त्यावरची झाडं एकेक करून परत येत होती. वरून जुना टिनाचा पत्रा टाकला, त्याच्यावर दगड ठेवले. त्या माणसाने फेटा गुंडाळला आणि ट्रॅक्टर तिथेच सोडून अंगणात इतरांजवळ जाऊन बसला. घाटापर्यंत येतो म्हणाला.

मी बादलीत हात धुतले, धोतराला पुसले आणि आत तिच्यापाशी जाऊन बसलो.